कुलूपवालीचा नवरा

७ नोव्हेंबर, शुक्रवार

हिने अर्ज भरला! मला विचारलं नाही असं नाही. चपलेत पाय सरकवता सरकवता विचारलं – ‘निवडणुकीचा अर्ज भरून येते, तुमची काही हरकत नाही ना?’ माझं तोंड उघडेपर्यंत बाई जिना उतरूनसुद्धा गेल्या.

हरकत आहे. भरपूर आहे. तोंडाने सांगणं जमत नाही म्हणून इथे लिहितोय.

सगळं त्या मार्केटमधल्या धुराने केलं. मार्केटच्या मागच्या जिन्याला लोखंडी दार आहे, दाराला साखळी, साखळीला कुलूप. जिन्यात नगरसेवकाचा माल भरलेला. मागच्या महिन्यात तळमजल्यावर वायरिंग जळलं, धूर वर चढला आणि वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बायका त्या दाराशी येऊन अडकल्या. हिचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान समोरच. साखळी तोडायची मोठी कात्री घेऊन ही धावली. कुणाला काही झालं नाही. नगरसेवकाने दुसऱ्याच दिवशी नवं कुलूप ठोकलं आणि वर चारचौघांत म्हणाला, कुलपं फोडणं हा त्या बाईचा धंदाच आहे.

झालं! हिच्या डोक्यात गेलं. सगळं मार्केट मागे लागलं, ताई, तुम्हीच उभ्या राहा. लोकांचं काय जातं उभं राहा म्हणायला.

घाईत लिहिलं की डाव्या हाताखाली शाई फरफटते. वरच्या निम्म्या ओळी आत्ताच पुसट झाल्यात. बरंच आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

घरात पाय ठेवायला जागा नाही. पलंगाखाली पत्रकं, फ्रिजवर पत्रकं. प्रत्येकावर ही, हातात कुलूप घेऊन, अशी बघतेय की जणू मतदाराने काहीतरी चोरलंय. मी म्हटलं, जरा हसायचं तरी. म्हणाली, हसले तर कुलूप कोण विकत घेईल?

लेक खूश. कॉलेज, क्लास आणि उरलेल्या वेळात आईचे व्हिडिओ. मलाही फोनसमोर उभं केलं – बाबा, दोन शब्द बोला. मी ‘नमस्कार’ म्हणालो आणि फोनसमोरून बाजूला सरकलो. तो व्हिडिओ तिने कुठे टाकला नाही. शहाणी आहे.

मी हा असा. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस. घरी निघालो की अर्ध्या वाटेतून परत जाऊन गॅसचे नळ बंद आहेत का बघून येतो. पोरं ‘नळबाबा’ म्हणतात. अशा माणसाच्या बायकोने निवडणूक लढवू नये. कायदा हवा तसा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

शाळेतून चालत येत होतो. स्कूटरवरचा एक माणूस अगदी खेटून थांबला. हेल्मेटची काच वर केली. गोरापान, हसरा चेहरा, गालावर तीळ. रस्ता विचारणार असं वाटलं. म्हणाला, ‘वहिनी जोरात आहेत तुमच्या. मुलगी संध्याकाळी क्लासहून एकटीच येते ना? त्या बोळात दिवे नसतात हो.’

एवढंच. काच खाली केली आणि गेला. गाडीचा नंबर बघायचं सुचलंच नाही!

हिला सांगितलं. ही कानशीने एक किल्ली घासत होती. घासणं थांबवलं नाही. म्हणाली, खरी धमकी असती तर मला दिली असती, तुम्हाला देऊन काय उपयोग? मग थोड्या वेळाने म्हणाली, उद्यापासून तिला मी आणायला जाईन. विषय संपला. तिच्यापुरता.

अर्ज मागे घ्यायची मुदत पुढच्या मंगळवारपर्यंत आहे. चौकशी करून ठेवली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भीती वाटते. दुसरं लिहिण्यासारखं काही नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज हात जोडले. खरोखरचे. म्हटलं, काढून घे अर्ज, माझं कधी काही ऐकू नकोस, एवढं ऐक. ऐकून घेतलं, तेही शांतपणे. मग विचारलं, तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते? मला सांगता येईना. सगळ्याचीच वाटते.

मग प्रयोगशाळेत बसून विचार केला – हिला कशाची वाटते? कुत्र्याची नाही, अंधाराची नाही, पोलिसाची तर नाहीच. एकदा मात्र हिची झोप उडालेली पाहिली होती. शेजारच्या गल्लीत हिने विकलेलं कुलूप कुणीतरी तारेने उघडलं होतं. चोरी फारशी झाली नव्हती, पण ही कितीतरी दिवस नीट जेवली नाही. हातातलं काम टाकून दाराकडे बघत बसायची.

एक विचार आलाय. लिहीत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

केलं. माझ्या हातून झालं!

लग्नानंतर सासऱ्यांनी मला तारेने कुलूप उघडायला शिकवलं होतं. जावयाला काहीतरी यावं म्हणून. मी आणि त्यांच्या हाताखाली काम करणारा एक पोरगा, दोघे शेजारी शेजारी बसायचो. आधी भोकात पेन्सिलीची पूड फुंकायची, मग तार, मग कान. तो पोरगा पुढे कारागीर झाला. हिचा मानलेला भाऊ, म्हणून माझा मेहुणा. आता कोपऱ्यावर त्याची किल्ल्यांची गाडी आहे. माझ्याबद्दल सासरे म्हणायचे, जावईबापू, तुम्ही सगळंच उलटं धरता, तुम्ही आपले नळच बघा.

तर मधल्या सुट्टीत घरी आलो. ही दुकानात, लेक कॉलेजात. जिन्यात चिटपाखरू नव्हतं. पूड फुंकली. तार घातली. तळहाताला इतका घाम की तार दोनदा निसटली. आणि कुलूप उघडलं! क्षणभर मी घाबरायचंही विसरलो. सासरे असते तर बघितलं असतं त्यांनी.

आत जाऊन स्वयंपाकघरातली खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली. तिच्यावर हिची हत्यारांची पिशवी, उघडून. बाकी कशाला हात लावला नाही. कुलूप परत लावलं आणि शाळा गाठली.

संध्याकाळी मुद्दाम सगळ्यांत शेवटी घरी आलो. ही खिडकीपाशी उभी, डोळ्याला भिंग लावलेलं, हातात ते कुलूप. खोलून त्याचे भाग वेगळे केले होते. किती तरी वेळ बघत होती. मग भिंग काढून डोळे चोळले आणि म्हणाली, किल्लीशिवाय उघडलंय, हात शिकलेला आहे. माझ्याकडे बघून विचारलं, तुम्ही जेवणार ना आता?

आवाज जरासा बसलेला वाटला. लागू पडलं बहुतेक.

पण लेक पांढरीफटक पडली होती. हिच्या कुशीत झोपली, दिवा चालू ठेवून. हा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लेक क्लासला गेली नाही. बाथरूमलाही आईला दाराशी उभं करून जाते. आईला म्हणाली, काढून घे ना अर्ज. हिने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, बघू.

‘बघू’ म्हणाली! ही कधी ‘बघू’ म्हणत नाही. अजून एकदा केलं की माघार घेईल. मग लेकीला काय ते समजावून सांगेन. नाही, सांगणार नाही. पण तिची भीती जाईल, ते महत्त्वाचं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दाराला हिने नवं कुलूप लावलंय, जाडजूड. दुकानातलं सगळ्यांत चांगलं. त्याने घाम काढला माझा. वरच्या मजल्यावर दार वाजलं तेव्हा तार तशीच ठेवून पळणार होतो. शेवटी उघडलं. हिचं एक पत्रक घेतलं आणि हिच्या उशीवर ठेवलं, फोटो खाली करून.

आता तुला काय वाटायचं ते वाटू दे, पण घरी राहा बाई. एवढंच मनात होतं. उशीला तिच्या तेलाचा वास येत होता. चोरासारखा उभा होतो स्वतःच्याच घरात.

पुन्हा खिडकी, पुन्हा भिंग. पुन्हा किती तरी वेळ. मी चहा करून समोर ठेवला. तो गार झाला. मग ही म्हणाली, ‘एकदा शिरला तेव्हा मी विचार करत होते. दुसऱ्यांदा शिरलाय म्हणजे माझी उमेदवारी कुणाला तरी झोंबतेय. आता मी मागे फिरत नाही.’

लेक रडायला लागली. ठरलं की ती काही दिवस तिच्या आत्याकडे राहील. म्हणजे माझ्या बहिणीकडे. माझ्यामुळे माझीच मुलगी घराबाहेर.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

लेकीला गाडीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणाली, बाबा, तुम्ही आईजवळच राहा हं. मुदत संपली. ही उमेदवार आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मार्केटच्या अंगणात सभा झाली. मी मागच्या खुर्चीत, हिची पाण्याची बाटली सांभाळत.

जिन्याचं बोलली, धुराचं बोलली. लोक ऐकत होते, मधेच जांभया देत होते. मग ही थांबली. पर्समधून कुलूप काढून वर धरलं. म्हणाली, हे माझ्या घराचं कुलूप. दोन वेळा माझं घर उघडलं गेलं, माझी मुलगी घर सोडून गेली. आणि मग, अगदी हळू आवाजात – ‘माझ्या वडिलांनी शिकवलेला हात माझ्या घरात शिरलाय. मी कुणाचं नाव घेणार नाही.’

नाव घ्यायची गरजच नव्हती. सगळ्या माना कोपऱ्यावरच्या गाडीकडे वळल्या. मेहुण्याकडे! त्याच्या गाडीवर या वेळी नगरसेवकाचा झेंडा आहे. ती जागा नगरसेवकाच्या मेहेरबानीवर मिळालीय, बिचारा काय करणार? तो किल्ली कापत होता. मशीन बंद करून बघायला लागला, काय झालं म्हणून.

बायका रडत होत्या. टाळ्या थांबेनात. माझ्या हातातल्या बाटलीचं झाकण मी पिळून पिळून तोडलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मेहुण्याची गाडी उलटवली. कुणी ते कुणालाच माहीत नाही. मशीन मोडली, किल्ल्या गटारात. गाडी धरून ठेवायला गेला तर उजवा हात चाकाखाली आला. बोटं मोडलीत.

हे मी केलं. गाडी मी उलटवली नाही, पण हे मी केलं.

शाळेतून तसाच दुकानात गेलो. ही पत्रकं मोजून देत होती. म्हटलं, मला तुला काहीतरी सांगायचंय. म्हणाली, आता नको. म्हटलं, महत्त्वाचं आहे, त्या कुलपाचं आहे. तेव्हा हिने मान वर केली, मागे उभ्या बायकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘अहो, मतदान होऊ दे. मग सगळं बोलू.’

आणि मला बरं वाटलं! सुटलो असं वाटलं. काय माणूस आहे मी.

२३ नोव्हेंबर, रविवार

मेहुण्याकडे गेलो. त्याच्या बायकोने दार उघडलं आणि मला बघून तशीच आत निघून गेली. तो खाटेवर बसला होता, हाताला हे एवढं बँडेज. मला बघून उठायला गेला. उठू नको म्हटलं. दुखतंय का विचारलं. दुखणारच की!

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो समजावून सांगत होता, जसं काही त्यानेच काहीतरी केलंय. म्हणाला, ‘दाजी, मी तुमचा जिना चढलेलो नाही. ताईला एवढंच सांगा, ते कुलूप खोल आणि एकदा भिंगातून बघ. तार कुणाच्या हातातली, ते आतल्या ओरखड्यावरून कळतं. तिच्या वडिलांनी आम्हाला आधी ते शिकवलं, उघडायचं मागाहून. रागाच्या भरात बघायचं राहिलं असेल तिचं. बघितलं असतं तर ती असं बोललीच नसती.’

सांगतो म्हणालो. जिना उतरलो. चौकात आल्यावर आठवलं.

तिने बघितलं होतं. दोन्ही वेळा, खिडकीपाशी.

पण दमलेली होती. डोळ्यांचा नंबर वाढलाय, भिंग जुनं आहे, उजेड गेला होता. असेल तसंच. ओरखडा सगळ्यांचा सारखाच असणार. गुरू एकच, शिकवणंही एकच. मला यातलं काय कळतं!

२४ नोव्हेंबर, सोमवार

लेकीचा फोन आला. आत्याकडेही झोपण्याआधी सगळी दारं ओढून बघते म्हणाली. हसत सांगत होती. मला हसता आलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मतदान. हिलाच दिलं. दुसऱ्या कुणाला देणार?

रांगेत पुढे मेहुणा होता. बँडेज छातीशी धरून. लोकांनी त्याच्या मागेपुढे जागा सोडली होती, वास येत असल्यासारखी. बाहेर आला, माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे, सांगितलं का? मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

२६ नोव्हेंबर, बुधवार

निवडून आली! चांगल्या मतांनी आली. मार्केटवाल्यांनी खांद्यावर घेतलं. मीही ओरडलो, खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला होता. ती वरून मला शोधत होती. सापडल्यावर हसली. लग्नाच्या दिवशी हसली होती तशी.

घर माणसांनी भरून गेलं. कुणी मागच्या जिन्याचं विचारलं, आजच कुलूप तोडायचं का? ही म्हणाली, घाई नको, रीतसर कार्यक्रम ठेवू, पेपरवाले बोलावू. किल्ली आधीच आली होती. हरलेल्या नगरसेवकाने माणसाबरोबर पाठवलेली. हिने ती पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

किल्ली घेऊन आलेला माणूस पाणी पीत माझ्या शेजारी उभा होता. गोरापान. गालावर तीळ. ‘नमस्कार,’ म्हणाला, ‘वहिनींनी कमाल केली!’

हिला कसंबसं आतल्या खोलीत नेलं. म्हटलं, हाच तो, स्कूटरवाला. लेकीचं बोलला तो हाच. म्हणाली, ‘माहीत आहे. आता आपल्याकडे यायचं म्हणतोय. वॉर्डातलं घर न् घर ओळखतो, कामाचा माणूस आहे.’ आणि पदर सारखा करून बाहेर गेली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सगळं सांगितलं. मुदत, खुर्ची, उशी, सगळं. ही जुनं कुलूप साफ करून परत दाराला लावत होती. मधे एकदाही अडवलं नाही. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, दादाला – म्हणजे मेहुण्याला – मार्केटमध्ये पक्का गाळा देऊ, कालच सांगून ठेवलंय, आता तो आपल्याला सोडून कुठे जात नाही. मग कुलूप ओढून बघितलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

‘आणि हो, पुन्हा कधी वेळ आली तर तार उजव्या हातात धरा. डावखुऱ्याचा ओरखडा उलट्या बाजूला उठतो. पहिल्याच दिवशी दिसला.’

शाळेत गेल्यावर लेकीला फोन केला. घरी कधी येऊ विचारत होती. म्हटलं, अजून थोडे दिवस आत्याकडेच राहा.